फोनवर न विचारलेला प्रश्न

दोह्यात रात्रीचे आठ वाजतात तेव्हा धाराशिव जिल्ह्यातल्या आमच्या गावी साडेदहा झालेले असतात. ड्यूटीवरून परतल्यावर मी फोन लावायची, तोवर आई पेंगुळलेली असायची. जेवलीस का, गुडघा कसा आहे, पाऊस झाला का, एवढ्यावर बोलणं संपायचं. पाळी जाऊन बारा वर्षं झालेली असताना अंगावरून पुन्हा लाल जातंय, हे तिने आठ महिने मला सांगितलं नाही. वहिनीला कळलं तेव्हाही ‘उष्णतेचं असेल, ताईला काही बोलू नकोस’ म्हणून आईनं विषय मिटवला. मीही कधी विचारलं नाही. बायोप्सीचा रिपोर्ट आला तेव्हा गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग तिसऱ्या टप्प्यात होता.

पाळी कायमची थांबल्यावर झालेला कोणताही रक्तस्राव डॉक्टरांना दाखवायलाच हवा. दोन पाळ्यांच्या मधे किंवा शरीरसंबंधांनंतर रक्त दिसणं, पांढऱ्या स्रावाला दुर्गंधी येणं, हीसुद्धा दुर्लक्ष करण्यासारखी लक्षणं नाहीत.

हा आजार लक्षणं दिसण्याआधी पकडता येतो, हे जगाला ज्या अभ्यासातून ठळकपणे कळलं, तो आमच्याच जिल्ह्यात झाला. मुंबईचं टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या गावागावांत ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांना त्यात सामील करून घेतलं. २००९ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : ज्या गटाला आयुष्यात एकदा एचपीव्ही चाचणीची सोय मिळाली, त्या गटात या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. एचपीव्ही या विषाणूचा संसर्ग झाल्यापासून कर्करोग होईपर्यंत बहुधा दहा-पंधरा वर्षं जातात. तेवढ्या अवधीत एक चाचणी करायला सवड असते. तिशीनंतर दर पाच ते दहा वर्षांनी ही चाचणी करावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. ९ ते १४ वयाच्या मुलींसाठी लसही आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली ‘सर्व्हाव्हॅक’ त्यातलीच एक.

उपचार सुरू झाले आणि परदेशातल्या लेकरांचा खरा पेच समोर आला. आठवड्यातून पाच दिवस रेडिएशन, त्यासोबत दर आठवड्याला केमो, असे पाच आठवडे. मग आतून दिलं जाणारं रेडिएशन. सगळं मिळून सात ते आठ आठवडे. कतारच्या कामगार कायद्यानुसार नोकरीला पाच वर्षं होईपर्यंत वर्षाला किमान तीन आठवडे रजा मिळते, त्यानंतर चार. पहिला धक्का बसताच मी विमान पकडलं आणि तपासण्यांच्या धावपळीतच निम्मी रजा संपवली. थकवा, जुलाब, अन्नावरची वासना उडणं हे शेवटच्या आठवड्यांत वाढलं, तेव्हा मी दोह्यात होते.

म्हणून भावंडांनी आधी डॉक्टरांकडून पूर्ण वेळापत्रक घ्यावं आणि रजा वाटून घ्याव्यात. डॉक्टरांशी घरातल्या एकानेच बोलावं. पाच जणांनी पाच फोन केले की सांगण्यात घोळ होतो. सगळे रिपोर्ट एका फाइलमध्ये तारखेनुसार लावावेत. जो रात्रंदिवस उशाशी बसतो त्याला झोप मिळावी म्हणून पगारी मदतनीस ठेवणं, हा पाठवलेल्या पैशांचा उत्तम उपयोग. आणि रुग्णाशी रोज आजारावरच बोलू नये. आईला वाटाणा किती भावाने गेला हे ऐकायचं असायचं.

हे चालू असताना माझी स्वतःची मॅमोग्राफी मी दोनदा पुढे ढकलली होती. कतारमध्ये २०१६ पासून ‘स्क्रीन फॉर लाइफ’ ही तपासणी मोहीम सरकारी हेल्थ सेंटरमार्फत चालते. त्यात ४५ ते ६९ वयाच्या, लक्षणं नसलेल्या बायकांची दर तीन वर्षांनी मॅमोग्राफी होते. ५० ते ७४ वयाच्या स्त्री-पुरुषांची आतड्याच्या कर्करोगासाठी शौचाची चाचणी होते. गर्भाशयमुखाच्या तपासणीबद्दल आपल्या हेल्थ सेंटरच्या डॉक्टरांना विचारावं. निदान झालंच, तर उपचारांसाठी हमद मेडिकल कॉर्पोरेशनचं राष्ट्रीय कर्करोग केंद्र आहे. १९९७ साली सुरू झालेली कतार कॅन्सर सोसायटी जनजागृतीबरोबरच उपचारांच्या खर्चालाही हातभार लावते, आणि ही मदत फक्त कतारी नागरिकांपुरती नाही. एकट्याने राहणाऱ्या कामगाराला ही माहिती ओळखीच्या माणसाने आपल्या भाषेत सांगितली, तर ती त्याच्या उपयोगी पडते. त्याच बोलण्यात तंबाखूचाही विषय काढावा. चघळायच्या तंबाखूच्या विक्रीला इथल्या कायद्याने बंदी आहे, तरी गावाहून येणाऱ्या बॅगेत पुड्या येतात. त्या मागवू नका, कुणासाठी आणूही नका.

येत्या शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, घरचे जागे असताना फोन करा. आईला, सासूबाईंना, मावशीला स्पष्ट विचारा : अंगावरून काही जातं का? छातीत गाठ लागते का? वडिलांना विचारा : तोंडात न भरणारी जखम आहे का? शौचातून रक्त जातं का? उत्तर ‘हो’ आलं, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्या. ‘नाही’ आलं, तर आईची शेवटची तपासणी कधी झाली ते विचारा, आणि आपली स्वतःची कधी झाली तेही तिला सांगा.