निजामुल्मुल्क : सुभेदार कीं राजा?

सुभेदार हा बादशहाचा चाकर. बदलीचा हुकूम येतांच त्याची सत्ता संपावयाची. परंतु हुकूम बजावण्याचें बळच दिल्लीस उरलें नाहीं तर काय घडतें, हें आपल्या औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, इतिहासांत दिसतें.

मीर कमरुद्दीन यास १७१३ सालीं 'निजामुल्मुल्क' हा किताब व दक्षिणेच्या सहा सुभ्यांचा कारभार मिळाला. १७१५ सालीं बदली झाली, ती त्यानें मानली. १७२२ सालीं तो दिल्लीस वजीर झाला. परंतु दरबाराशीं न पटल्यामुळें दक्षिणेस परतला. बादशहानें त्याच्या जागीं मुबारिजखानास नेमलें. १७२४ सालीं साखरखेर्ड्याच्या लढाईंत मुबारिजखान पडला, आणि पुढें त्याच बादशहानें विजयी निजामास 'आसफजाह' हा किताब दिला!

१७२८ सालीं मात्र पालखेड येथें बाजीरावानें त्यास कोंडलें, व मुंगी-शेवगांवच्या तहानें त्यास मराठ्यांचा चौथाईचा हक्क मान्य करावा लागला.

१७४८ सालीं बऱ्हाणपुरास तो वारला. त्याची कबर खुलताबादेस आहे. अखेरपर्यंत त्यानें नाणें बादशहाच्याच नांवें चालविलें. नांव चाकराचें, सत्ता राजाची! विद्यार्थिमित्रांनो, सनद कागदावर लिहिली जाते. तिचें बळ मात्र देणाऱ्याच्या सामर्थ्यांत असतें.