आधी सगळे दिवे बंद करा

लघुपट करायला निघालेले बरेच जण पहिल्याच दिवशी चार एलईडी पॅनल भाड्याने आणतात आणि चारही एकदम लावतात. मग चेहरा लख्ख दिसतो. कॅलेंडर, मिक्सर आणि दोरीवरचा टॉवेलही तितकाच लख्ख दिसतो. बघणाऱ्यानं बघायचं कुठे? माझ्या मते काय अंधारात ठेवायचं, हे आधी ठरवावं.

एक प्रसंग घेऊ. रात्रीचे अकरा वाजलेत. चाळीतल्या खोलीत आई ताट झाकून मुलाची वाट पाहत बसली आहे.

खोलीतली ट्यूबलाइटसुद्धा बंद करा आणि या घरात या वेळी उजेड कुठून येईल ते शोधा. ओट्यावरचा बल्ब? उघड्या दारातून येणारा गॅलरीतला दिवा? एकच निवडा. तुमचा मुख्य दिवा, म्हणजे की लाइट, त्याच दिशेने लावायचा.

आता तो दिवा कोणाच्या तरी हातात द्या, त्याला आईभोवती फिरायला सांगा आणि कॅमेऱ्यातून बघत राहा. यात अर्धा तास गेला तरी जाऊ द्या. दिवा कॅमेऱ्यामागे असेल तर चेहरा पासपोर्टच्या फोटोसारखा सपाट होतो. बाजूला नेला की अर्धा चेहरा बुडतो आणि मनातली घालमेल दिसू लागते. मागे गेला की फक्त कडा उजळते. डोक्यावर धरला की डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. ‘द गॉडफादर’मध्ये (1972) छायालेखक गॉर्डन विलिसनं मार्लन ब्रँडोचे डोळे असेच झाकले होते. आपल्या आईला ते शोभणार नाही. तिला बाजूचा उजेड द्या.

मग अंतर. दिव्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई उरतो. दिवा आईपासून 3 फुटांवर आणि पलीकडची भिंत 6 फुटांवर असेल, तर भिंतीवर चौथाईच उजेड पडेल आणि कॅलेंडर आपोआप विझेल. तोच दिवा 9 फुटांवर नेला, तर 12 फुटांवरच्या त्या भिंतीला आईच्या निम्म्याहून जास्त उजेड मिळेल. फुकटातला एवढा कामाचा उपाय दुसरा नाही.

सावल्या कडक वाटल्या तर दिव्यासमोर पांढरी चादर ताणा किंवा बटर पेपर लावा (तापणाऱ्या बल्बला चिकटवू नका). ‘अपराजितो’साठी (1956) बनारसच्या घराचं अंगण स्टुडिओत उभारलं होतं. छायालेखक सुब्रत मित्रांनी वर पांढरं कापड ताणलं, खालून त्यावर दिवे मारले आणि परतून आलेल्या उजेडातून आभाळ मिळवलं. चेहऱ्याची अंधारी बाजू फारच काळी झाली तर तिकडे थर्माकोल धरा. ती अजून काळी हवी असेल तर काळं कापड.

उजेडाचा पट्टा पात्रांइतकाच जागा व्यापतो, हे ‘कागज़ के फूल’मध्ये (1959) पाहावं. छायालेखक व्ही. के. मूर्तींनी आरशांनी ऊन स्टुडिओत आणलं आणि सिनेमास्कोपच्या रुंद चौकटीतली रिकामी जागा त्या एका झोताने भरून काढली. हवेत कण असले तरच झोत दिसतो; घरी धुपाचा धूर पुरतो. आपल्या प्रसंगात दारातून गॅलरीचा पट्टा फरशीवर येऊ द्या आणि आईला त्याच्या बाहेर बसवा. मुलगा आला की त्याची सावली आधी येईल.

रंगाचं थोडक्यात सांगतो. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका. 3200 केल्विनला बांधलात की आतला पिवळा बल्ब उबदार राहतो आणि गॅलरीतली ट्यूब निळसर, परकी दिसते. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून शटर 1/50 ठेवा. नाहीतर काही दिवे लुकलुकतात.

आणि दिव्याच्या स्टँडच्या पायांभोवती फरशीवर टेप लावून ठेवा. जेवणाच्या सुट्टीत कोणीतरी तो हलवतंच.