पावसाची वही

गुढीपाडव्याच्या दिवशी देवळात पंचांगवाचन होते. यंदा मृगाचे वाहन कोणते, पाऊस किती पडेल, धान्य कसे पिकेल, हे ऐकण्यास गावातील वडीलधारी मंडळी जमतात. ज्याचे सारे वर्ष आभाळावर अवलंबून असते, त्याला पुढचे आधी कळावे असे वाटणे साहजिकच आहे. मृगात पेरलेले बियाणे पावसाने ओढ दिल्यामुळे करपले, तर दुबार पेरणी करावी लागते आणि पुष्कळदा त्यासाठी कर्ज काढावे लागते. तेव्हा पावसाचे भाकीत हा नुसता कुतूहलाचा विषय नव्हे. तो भाकरीचा विषय आहे.

शास्त्रज्ञही पावसाचे भाकीत करतात. ते कशाच्या आधारावर? त्याचा पाया एका साध्या वहीत आहे.

तालुक्याच्या गावी मोकळ्या जागेत पर्जन्यमापक बसवलेला असतो. वर नरसाळे आणि खाली बाटली, अशी त्याची जुनी रचना. रोज सकाळी साडेआठ वाजता बाटलीतील पाणी मापपात्रात ओतून मोजावयाचे आणि आकडा वहीत लिहावयाचा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. एक हेक्टर शेतावर तेच दहा हजार लिटर होते!

ज्या दिवशी पाऊस पडला नाही, त्या दिवशी शून्य लिहावयाचे. मुलांनो, हे शून्य फार मोलाचे आहे. रिकामी जागा सांगते, की कोणी पाहिलेच नाही. शून्य सांगते, की पाहिले, पण पाऊस नव्हता. आणि न पाहता अंदाजाने लिहिलेला आकडा रिकाम्या जागेहूनही वाईट; कारण तो खऱ्याच्या वेषात वावरतो.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्याकडे पाहा. सह्याद्रीच्या माथ्यावरील गगनबावड्यास वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून सुमारे ५५ किलोमीटरांवरील कोल्हापूर शहरात तो हजाराच्या आसपास येतो आणि पूर्वेच्या शिरोळात त्याच्याही निम्म्याजवळ उतरतो. तरीही महापुराचा मोठा तडाखा शिरोळासच बसतो. कारण डोंगरावरचे पाणी घेऊन आलेली पंचगंगा तेथे नृसिंहवाडीजवळ कृष्णेस मिळते. कोल्हापूरजवळील राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेले, की इशारा दिला जातो. ४३ फूट ही धोक्याची पातळी. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये ती ५५ फुटांच्याही वर गेली. अशा वेळी गगनबावड्याच्या वहीतील आजचा आकडा, उद्या शिरोळातील माणसांनी गुरेढोरे घेऊन केव्हा निघावे, हे ठरविण्यास उपयोगी पडतो.

उद्याचा अंदाज एक, आणि साऱ्या पावसाळ्याचा अंदाज दुसरा. हा दुसरा अधिक अवघड. भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ साली झाली; पुढच्याच वर्षी दक्षिणेत भीषण दुष्काळ पडला. खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांच्या ध्यानात आले, की हिमालयावर बर्फ फार साठले, तर पुढचा मोसमी पाऊस कमी पडतो. त्या आधारे ४ जून १८८६ रोजी पहिले नियमित दीर्घकालीन भाकीत प्रसिद्ध झाले. परंतु १८९९ साली चांगल्या पावसाचे भाकीत केले असता देशात दुष्काळ पडला.

१९०४ साली गिल्बर्ट वॉकर हे गणिती खात्याचे प्रमुख झाले. त्यांनी आपल्या भारतीय मदतनिसांसह जगभरच्या नोंदी मांडून पाहिल्या. प्रशांत महासागरावर हवेचा दाब वाढला, की हिंदी महासागरावर तो कमी होतो आणि उलटही घडते, असे त्यांस आढळले. या झोक्याचा आपल्या पावसाशी संबंध आहे. प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा तापले, म्हणजे एल निनो आला, की आपल्याकडे पाऊस बहुधा कमी पडतो. बहुधा, नेहमी नव्हे! १९९७ साली एल निनो प्रबळ होता, तरी देशात पाऊस समाधानकारक झाला.

१९२८ साली खात्याचे मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्यास आले. पुढे ते दिल्लीस गेले. पण शिवाजीनगरची ती इमारत अजूनही ‘सिमला ऑफिस’ म्हणून ओळखली जाते आणि दीर्घकालीन अंदाजाचे काम पुण्यातच चालते. २००२ साली सामान्य पावसाचा अंदाज होता. पडला मात्र सरासरीच्या ८१ टक्के. खात्याने ती चूक झाकली नाही. जुनी पद्धत तपासली आणि पुढच्याच वर्षी नवी स्वीकारली. आज संगणकावर समुद्र व वातावरण यांचे गणित मांडले जाते. तरीही हा अंदाज देशाचा किंवा मोठ्या विभागाचा असतो. आपल्या शेतात कोणत्या दिवशी पाऊस पडेल, हे तो सांगत नाही. म्हणून पेरणीपूर्वी जमिनीतील ओल पाहावीच लागते.

आता पुष्कळ ठिकाणी स्वयंचलित यंत्रे पाऊस मोजतात. तरी शाळेच्या आवारात एक पर्जन्यमापक बसवा, पाळी लावून रोज नोंद करा. एखाद्या सकाळी उशीर झाला आणि नोंद राहिली, तर ‘नोंद नाही’ असे स्पष्ट लिहा. पन्नास वर्षांनी ती वही उघडणाऱ्यास तुमचे नाव ठाऊक नसेल; तुमच्या आकड्यावर मात्र त्यास विश्वास ठेवता आला पाहिजे.

स्वाध्याय
१. ‘शून्य’ आणि ‘रिकामी जागा’ यांत लेखकाने कोणता भेद दाखविला आहे?
२. कमी पावसाच्या शिरोळास महापुराचा तडाखा का बसतो?
३. आपल्या गावातील वृद्धांना आठवणारे दुष्काळ व महापूर यांची सालवार यादी तयार करा.