पत्त्याची नोंद आणि साथीचा माग

घराचा पत्ता म्हणजे पत्र योग्य दारी पोहोचविण्याचे साधन, अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु रस्त्याचे नाव व घराचा क्रमांक यांची काटेकोर नोंद रोगाचे मूळ शोधण्याच्या कामीही येते. लंडनमधील १८५४ सालची पटकीची साथ हे याचे उत्तम उदाहरण होय.

त्या वर्षी ऑगस्टअखेर सोहो भागातील ब्रॉड स्ट्रीटच्या परिसरात ही साथ उसळली. तीत सहाशेहून अधिक माणसे दगावली. दूषित हवेमुळे पटकी पसरते, असे त्या काळी बहुतेक वैद्य मानीत. डॉ. जॉन स्नो यांचा संशय मात्र पिण्याच्या पाण्यावर होता. त्यांनी मृत्यूनोंदणी कार्यालयातून यादी मिळविली. तीत ८३ मृत्यू पत्त्यांसह नोंदलेले होते. त्यांपैकी बहुतेक घरे ब्रॉड स्ट्रीटवरील सार्वजनिक पंपाजवळची निघाली. अवघे दहा मृत्यू दुसऱ्या एखाद्या पंपाला अधिक जवळ असलेल्या घरांतील होते.

हे दहा अपवाद स्नो यांनी दुर्लक्षिले नाहीत. चौकशीअंती असे कळले की, त्यांपैकी पाच कुटुंबे ब्रॉड स्ट्रीटचेच पाणी आणवीत आणि तीन मृत मुले त्या पंपाजवळच्या शाळेत जात. याउलट, जवळच्याच निराधारगृहात ५३५ माणसे असूनही केवळ पाच दगावली. तेथे स्वतंत्र विहीर होती. ८ सप्टेंबर रोजी पंपाचा दांडा काढण्यात आला. तोवर साथ ओसरू लागली होती, हे स्नो यांनी स्वतःच नमूद केले आहे.

तेथील धर्मोपदेशक हेन्री व्हाइटहेड यांना स्नो यांचे मत आरंभी पटले नव्हते. पुढे नोंदी चाळताना त्यांना ४०, ब्रॉड स्ट्रीट या पत्त्यावर अतिसाराने मरण पावलेल्या पाच महिन्यांच्या बालिकेची नोंद आढळली. तिचे दुखणे साथीच्या उद्रेकापूर्वीच सुरू झाले होते व घर पंपालगतच होते. तेथे खोदून पाहता, शौचकूपातील मैला विहिरीकडे झिरपत असल्याचे उघड झाले.

पत्ता रोगाचे कारण सांगत नाही. चौकशी कोणत्या दारी करावी, एवढेच तो सांगतो. परंतु त्या नोंदीत घराचा क्रमांक लिहावयाचा राहून गेला असता, तर हे दारही सापडले नसते.