जुन्या मोटारीला कोणता सुटा भाग?

अँबॅसेडर मोटारीचे उत्पादन २०१४ साली बंद झाले. पण काही घरांत ती अजून जपलेली आढळते. समजा, तिच्या ब्रेकमधली रबरी वाटी बदलायची आहे. दुकानदार दोन डब्या पुढे करतो. एक मूळ कंपनीच्या नावाची, पण बरीच वर्षे पडून असलेली; दुसरी अन्य कारखान्याची, ताजी नि स्वस्त. कोणती घ्याल?

आधी वाटीचे काम पाहू. पेडल दाबले, की ब्रेक-ऑइलचा दाब वाटीवर येतो. तिच्या कडा सिलिंडरला घट्ट टेकतात, तेल गळत नाही आणि दट्ट्या पुढे सरकतो. कडा कडक झाल्या, की तेल झिरपते नि ब्रेक ढिला पडतो. १,२०० किलोग्रॅमची मोटार ताशी ६० किलोमीटर वेगाने जाताना तिच्यात सुमारे १ लाख ६७ हजार ज्यूल गतिज ऊर्जा असते. ती थोपवण्याची भिस्त अशा इवल्या वाट्यांवर!

हवेतील ऑक्सिजन व ओझोन यांमुळे रबर न वापरताही खराब होते. म्हणून नावाआधी उत्पादनाची तारीख पाहावी. मात्र नुसता ताजेपणा पुरेसा नाही. रबराची जातही जुळावी लागते. नायट्राइल रबर खनिज तेलात टिकते, पण ग्लायकॉलयुक्त ब्रेक-ऑइलमध्ये बिघडते.

तेव्हा खात्रीच्या कारखान्याची, योग्य मापाची, ब्रेक-ऑइलसाठीच बनवलेली ताजी वाटी जुन्या ‘अस्सल’ वाटीपेक्षा बरी. हाच न्याय पोलादी बोल्टला लागू पडेल का? विचार करा!