गणिताचे गुण कुठे कुठे मोजले जातात

दहावीच्या परीक्षेत गणिताला १०० गुण असतात. बीजगणिताचा पेपर ४० गुणांचा, भूमितीचा ४० गुणांचा आणि उरलेले २० गुण शाळेने द्यायचे, अंतर्गत मूल्यमापनाचे. बुलढाणा जिल्हा राज्य मंडळाच्या अमरावती विभागात येतो. निकाल लागला की इथल्या घराघरांत एकच प्रश्न विचारला जातो, तो म्हणजे किती टक्के पडले. गणिताला किती, हे क्वचितच कोणी विचारते. पुढच्या प्रवेशांच्या दृष्टीने मात्र हा दुसरा प्रश्न अधिक मोलाचा आहे, कारण एकूण टक्केवारीत कच्चे गणित सहज झाकले जाते आणि पदवीच्या प्रवेशापर्यंत ते पुन्हा उघडे पडते.

झाकले जाते ते ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’मुळे. सहा विषयांपैकी सर्वाधिक गुणांचे पाच विषय धरून टक्केवारी काढली जाते. उदाहरणादाखल अशी गुणपत्रिका घ्यावी: मराठी ८८, हिंदी-संस्कृत संयुक्त ९२, इंग्रजी ८०, विज्ञान ७८, सामाजिक शास्त्रे ९०, गणित ४६. सहाही विषयांची बेरीज ४७४, म्हणजे ७९ टक्के. पण गणित वगळून उरलेल्या पाच विषयांचे ४२८ गुण होतात आणि टक्केवारी ८५.६ दिसते. पेढे वाटले जातात ते या ८५.६ चे. आता त्या ४६ मध्येही थोडे खोलवर पाहावे. अंतर्गत गुण बहुतेक शाळांमधून सढळ हाताने दिले जातात. इथे ते १९ धरले, तर लेखी परीक्षेतले गुण उरतात ८० पैकी २७. म्हणजे ३४ टक्क्यांहूनही कमी. पंच्याऐंशी टक्क्यांच्या या मुलाने किंवा मुलीने गणिताच्या पेपरमध्ये जेमतेम तिसरा हिस्सा सोडवला आहे, आणि ही गोष्ट गुणपत्रिकेवर कुठेच लिहिलेली नाही.

अकरावी विज्ञानाला गणित शिकवताना प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात अशी मुले वर्षानुवर्षे आली आहेत. ती मंद नसतात, आळशीही नसतात. अकरावीच्या गणिताच्या पहिल्या भागाची सुरुवात होते कोनमापन आणि त्रिकोणमितीने, पुढे सरळ रेषा, वर्तुळ आणि शंकुच्छेद येतात. यांचा पाया दहावीच्या भूमितीतील पाचव्या आणि सहाव्या प्रकरणांत, म्हणजे निर्देशक भूमिती आणि त्रिकोणमितीत असतो. नेमकी हीच प्रकरणे शाळेत वर्षाच्या अखेरीस येतात आणि पूर्वपरीक्षेच्या धांदलीत घाईघाईने उरकली जातात. साइन वर्ग अधिक कॉस वर्ग बरोबर एक, हे सूत्र पाठ असते, पण त्यावरून दुसरे सूत्र काढायला सांगितले की हात थांबतो. त्यात मराठी माध्यमातून आलेल्यांसमोर विज्ञान शाखेची इंग्रजी पुस्तके असतात. गणित पक्के असलेले मूल दिवाळीपर्यंत नव्या संज्ञांना सरावते. ज्याचे गणितही डळमळीत आणि भाषाही नवी, ते मागच्या बाकावर सरकते आणि डिसेंबरात म्हणू लागते, “सर, मी गणित सोडून बायो ठेवतो.”

गणित ठेवायचे की सोडायचे, याचा निर्णय खरे तर अकरावीचा अर्ज भरतानाच होत असतो. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश संपूर्ण राज्यात ऑनलाइन होऊ लागले आहेत, त्यामुळे घाटावरच्या मेहकर-लोणारच्या मुलांना आणि घाटाखालच्या नांदुरा-संग्रामपूरच्या मुलांना पसंतीक्रम आधी विचार करूनच भरावा लागतो. या टप्प्यावर दहावीचे एकूण गुण मोजले जातात, गणिताचे वेगळे मोजले जात नाहीत. म्हणूनच वरच्या उदाहरणातल्या मुलाला चांगल्या कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञानाची जागा बिनदिक्कत मिळते, आणि आपण योग्य वाटेवर आहोत असा त्याचा आणि घरच्यांचाही समज होतो.

यानंतर गणिताचे गुण मोजले जातात ते बारावीला. राज्यातील अभियांत्रिकी प्रवेशाच्या पात्रतेसाठी भौतिकशास्त्र, गणित आणि रसायनशास्त्र या विषयांत मिळून ४५ टक्के गुण लागतात, महाराष्ट्रातील मागास प्रवर्गांच्या उमेदवारांना ४० टक्के. म्हणजे ३०० पैकी १३५ किंवा १२०. बारावीच्या गणितात २० गुण, भौतिक आणि रसायनात प्रत्येकी ३० गुण प्रात्यक्षिकांचे असतात. ते नीट पदरात पडले तर निम्मी पात्रता तिथेच होते. त्यामुळे ही अट सहसा कोणाला अडवत नाही. आयआयटी आणि एनआयटीची अट मात्र कडक आहे. तिथे बारावीला ७५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ६५) किंवा आपल्या मंडळाच्या वरच्या वीस पर्सेंटाइलमध्ये असणे आवश्यक असते. तिथल्या प्रवेश परीक्षेचे, म्हणजे जेईईचे, गुण चांगले आणि बारावीचे कमी, अशी जेईईच्या नादात कॉलेजकडे पाठ फिरवणाऱ्यांची अडचण इथे होते.

राज्याच्या अभियांत्रिकी प्रवेशाचा खरा कस लागतो एमएचटी-सीईटीमध्ये. पीसीएम ग्रुपची ही परीक्षा २०० गुणांची असते. भौतिकशास्त्राचे ५० प्रश्न, रसायनशास्त्राचे ५० प्रश्न, प्रत्येकी एक गुण. गणिताचेही ५० प्रश्न, पण प्रत्येकी दोन गुण. म्हणजे एकट्या गणिताचा वाटा निम्मा. दहावीच्या टक्केवारीतून जो विषय संपूर्ण वगळला जाऊ शकत होता, तोच आता उरलेल्या दोघांइतका जड होतो. गणिताचे दहा प्रश्न सुटले नाहीत तर २० गुण जातात. ते भरून काढायला भौतिक आणि रसायनात मिळून वीस प्रश्न जास्तीचे बरोबर यावे लागतात, आणि तिथे इतकी जागा शिल्लक असतेच असे नाही.

वेळेचे गणितही ध्यानात घ्यावे. गणिताच्या ५० प्रश्नांना ९० मिनिटे मिळतात, म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंद. बोर्डाच्या बारावीच्या पेपरला ८० गुणांसाठी तीन तास असतात आणि तिथे अर्धवट सोडवलेल्या उदाहरणालाही पायऱ्यांचे गुण मिळतात. सीईटीत पायऱ्यांना किंमत नाही, उत्तर बरोबर की चूक एवढेच पाहिले जाते. सुमारे ४० प्रश्न बारावीच्या आणि १० अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतात. अकरावीचे वर्ष ‘मोजले जात नाही’ असा जो समज गावोगाव आहे, तो इथे खोटा ठरतो. शिवाय भौतिक आणि रसायनाचे प्रश्न मराठीतून घेता येतात, गणिताचा पेपर मात्र फक्त इंग्रजीत असतो. मराठी शाळेत शिकलेल्या मुलांनी ही बाब परीक्षेच्या आदल्या महिन्यात नव्हे, अकरावीच्या पहिल्या महिन्यात माहीत करून घ्यावी. या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. जेईई मेनमध्ये चुकीच्या उत्तराचे गुण वजा होतात. एका परीक्षेची सवय दुसरीत नेऊन नुकसान करून घेतलेले विद्यार्थी दरवर्षी भेटतात.

सीईटीचा निकाल गुणांत नव्हे, पर्सेंटाइलमध्ये लागतो, आणि एकसारखे पर्सेंटाइल असलेले उमेदवार पुष्कळ असतात. अशा वेळी कोण वर, कोण खाली, हे ठरवताना सर्वांत आधी गणिताचे पर्सेंटाइल पाहतात. त्यानेही निकाल लागला नाही तर भौतिक, रसायन, नंतर बारावीचे गुण, आणि अगदी शेवटी दहावीचे गुण, त्यातलेही गणित-विज्ञान. जेईई मेनमध्येही बरोबरी झाली की पहिला विचार गणिताचाच होतो. दहावीची गुणपत्रिका फाइलमध्ये ठेवली की तिचे काम संपले, असे समजू नये.

शेगावचे श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून उभे आहे. जिल्ह्यातल्या मुलांची पहिली धाव सहसा तिकडे असते. चिखली, मलकापूर आणि बुलढाणा इथेही अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत आणि अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय तर १९६४ पासूनचे. कुठल्या महाविद्यालयात कोणती शाखा मिळेल, हे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतील, म्हणजे कॅप राउंडमधील गुणवत्ता क्रमांकावर ठरते, आणि फीचा प्रश्नही त्याला जोडलेला आहे. वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे. २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातील याच उत्पन्नगटाच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आहे. या सवलती कॅपमधून झालेल्या प्रवेशाला मिळतात, संस्थास्तरावर किंवा व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला नाहीत. कपाशी-सोयाबीनच्या उत्पन्नावर मुलांना शिकवणाऱ्या घरासाठी हा फरक फार मोठा आहे. गणितातले थोडे गुण कमी पडून कॅपमधून हवी ती जागा हुकली की बाहेरचा कोणीतरी ‘सीट करून देतो’ म्हणत पुढे येतो आणि घर कर्जात जाते. अशा माणसाला पैसे देण्यापूर्वी त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचावी आणि सुविधा केंद्रावर चौकशी करावी. चौकशीला पैसे लागत नाहीत.

बारावीऐवजी तंत्रनिकेतनाची वाटही आहे. खामगावला शासकीय तंत्रनिकेतन आहे. पदविकेच्या पहिल्या वर्षाचा प्रवेश दहावीच्या टक्केवारीवर होतो, आणि टक्केवारी सारखी असल्यास पहिल्यांदा गणिताचे, मग विज्ञानाचे गुण पाहिले जातात. गणित जमत नाही म्हणून पॉलिटेक्निक, असा हिशेब कोणी करू नये. पहिल्या सत्राला बेसिक मॅथेमॅटिक्स आणि दुसऱ्या सत्राला अप्लाइड मॅथेमॅटिक्स असते आणि विषय राहणाऱ्यांची गर्दी तिथेच असते. ज्यांचे गणित ठीक आहे पण घरची परिस्थिती बेताची आहे, त्यांच्यासाठी मात्र ही वाट फार चांगली आहे. तीन वर्षांत नोकरीजोगी पदविका हाती येते आणि पुढे पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो.

गणित सोडल्याने सगळेच बंद होते, असेही नाही. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत गणित नाही. बुलढाण्याला २०२४ मध्ये १०० जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे आणि तिथे जाण्यासाठी भौतिक, रसायन, जीवशास्त्रच लागते. औषधनिर्माणशास्त्राला गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एक पुरते. पण नीटमधल्या भौतिकशास्त्रात सदिश, आलेख, घातांक हे सगळे असते. गणिताच्या भीतीने पीसीबी घेतलेली मुले नीटमध्ये अडतात ती बहुतेक भौतिकशास्त्रात. बंद होतात ते अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र, बी.एस्सी.तील गणित-संख्याशास्त्राचे गट आणि एनडीएतून वायुदल व नौदलाचे दरवाजे. एनडीएची लेखी परीक्षा भूदलासाठीही ३०० गुणांच्या गणिताशिवाय होत नाही. वाणिज्य शाखेत गणिताऐवजी चिटणिसाची कार्यपद्धती घेता येते, आणि बी.कॉम.ला तेवढे चालते. सीए फाउंडेशनच्या चारांपैकी एक पेपर मात्र गणित, तर्क आणि सांख्यिकीचा असतो. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र ऑनर्सला जायचे तर सीयूईटी या प्रवेश परीक्षेत गणित द्यावेच लागते. निर्णय अजून पक्का नसेल त्याने अकरावीला भौतिक, रसायन, गणित आणि जीवशास्त्र चारही ठेवावेत. ओझे वाढते हे खरे, पण दोन वर्षे दोन्ही वाटा मोकळ्या राहतात.

सीबीएसईच्या शाळांत हा निर्णय आणखी लवकर होतो. तिथे २०२० च्या परीक्षेपासून दहावीला गणित ‘स्टँडर्ड’ आणि ‘बेसिक’ अशा दोन पातळ्यांचे आहे. सोपा पेपर म्हणून बेसिक घेण्याआधी पुढे गणित ठेवायचे आहे का, हे पालकांनी मुलाशी बसून ठरवावे. अकरावीचे नेहमीचे गणित मूळ नियमानुसार स्टँडर्डवाल्यांसाठी आणि अप्लाइड मॅथेमॅटिक्स बेसिकवाल्यांसाठी आहे, त्यात सवलत आहे का, हे त्या वर्षीच्या नियमांत पाहावे.

दहावीचा निकाल आल्यावर पाहायचे ते हे. गणिताच्या गुणांतून अंतर्गत गुण वजा करून उरलेले ८० पैकी किती, हे काढावे. ४० च्या खाली असतील तर अकरावी सुरू होण्याआधीच्या सुटीत दहावीची भूमिती पुन्हा हातात घ्यावी: समरूपता, वर्तुळ, निर्देशक भूमिती, त्रिकोणमिती. बीजगणितातली वर्गसमीकरणे आणि दोन चलांतील रेषीय समीकरणे त्यांच्या जोडीला. पूर्वपरीक्षेच्या उत्तरपत्रिका रद्दीत घालू नयेत, चूक आकडेमोडीत होते की कल्पनाच कळलेली नाही, हे त्यांच्यावरूनच कळते. अकोल्याच्या किंवा संभाजीनगरच्या क्लासची फी भरण्याआधी हे काम गावातल्या शिक्षकाकडे बसून जवळजवळ फुकटात होते, आणि ते झाल्याशिवाय क्लासचा उपयोगही होत नाही. मूल आठवी-नववीत असेल तर आणखी बरे, तेव्हा अपूर्णांक आणि बैजिक राशी पक्क्या करायला वेळ असतो.

गणितात नापास झालेल्यांसाठी जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते आणि एक-दोन विषय राहिलेल्यांना एटीकेटीवर अकरावीला प्रवेश घेता येतो. पास झालेल्यांना गुण कमी वाटले तर श्रेणीसुधार योजना आहे. बारावीला गणित न घेता उत्तीर्ण झालेल्या आणि नंतर गरज भासलेल्या विद्यार्थ्याला मंडळाकडे ‘तुरळक विषय’ म्हणून त्या एका विषयाचा अर्ज भरून परीक्षेला बसता येते. मात्र अर्जाच्या मुदती अगोदरच संपतात आणि पुढच्या प्रवेशाला तो विषय चालतो का, हे त्या अभ्यासक्रमाच्या नियमावर अवलंबून असते. म्हणून आधी नियम पाहावा, मग अर्ज भरावा.