पाच अक्षरांमागील इतिहास

नागरी विमानाच्या अंगावर ठळक अक्षरे रंगविलेली असतात. ते त्याचे नोंदणी चिन्ह होय. आरंभीची अक्षरे विमानाचे राष्ट्रीयत्व सांगतात, तर पुढील अक्षरे त्या एकाच विमानाची असतात. भारताची आद्याक्षरे ‘व्हीटी’. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल आणून मुंबईत जुहू येथे उतरविलेले विमान ‘व्हीटी-एडीएन’ होते. ब्रिटनचे आद्याक्षर ‘जी’ आहे.

ज्या देशात नोंदणी, त्या देशाचे राष्ट्रीयत्व, हे तत्त्व १९१९ च्या पॅरिस कराराने मान्य केले आणि १९४४ च्या शिकागो कराराने कायम ठेवले. एका वेळी दोन देशांत नोंदणी ग्राह्य धरली जात नाही. विमान अल्पावधीत अनेक सीमा ओलांडते. त्यामुळे त्याच्याविषयी उत्तरदायी देश कोणता, हे निश्चित असणे अगत्याचे ठरते.

या पाच अक्षरांमागे केवढा इतिहास दडलेला असू शकतो, हे ‘जी-एसीवायआर’ या विमानावरून दिसून येते. ब्रिटनच्या डी हॅविलँड कंपनीने बनविलेले हे ‘ड्रॅगन रॅपिड’ जातीचे हलके विमान. त्याचा सांगाडा लाकडी, पंख कापडाने मढविलेले व पिस्टन इंजिने दोन. प्रत्येकाची शक्ती सुमारे २०० अश्वशक्ती. या जातीच्या विमानाने पहिले उड्डाण एप्रिल १९३४ मध्ये केले व पुढे अशी सातशेहून अधिक विमाने तयार झाली.

११ जुलै १९३६ रोजी हे विमान लंडननजीकच्या क्रॉयडन विमानतळावरून निघाले. ते एका ब्रिटिश कंपनीकडून भाड्याने घेतले होते. वैमानिक होते सेसिल बेब. प्रवाशांत एक निवृत्त ब्रिटिश अधिकारी व दोन तरुणी असल्याने हा प्रवास सहलीसारखा भासावा, अशी योजना होती. प्रत्यक्षात कॅनरी बेटांवरील जनरल फ्रँको यांना स्पॅनिश मोरोक्कोत पोहोचवावयाचे होते. १८ जुलैला फ्रँको यांना घेऊन विमान निघाले आणि कासाब्लांकामार्गे १९ जुलैला तेतुआन येथे उतरले. तेथे फ्रँको यांनी आफ्रिकेतील स्पॅनिश सैन्याची सूत्रे हाती घेतली. १ एप्रिल १९३९ पर्यंत चाललेल्या यादवी युद्धात लक्षावधी माणसे प्राणास मुकली. पुढे हे विमान स्पेनला भेट देण्यात आले. ते माद्रिदच्या विमान संग्रहालयात जतन केले आहे.

नोंदवहीत या विमानाविषयी काहीही खोटे नव्हते. मात्र विमान कोणाचे, एवढेच नोंदवही सांगते. ते कोणासाठी उडत आहे, हे सांगत नाही. म्हणूनच आंतरराष्ट्रीय उड्डाणात नोंदणी प्रमाणपत्रासोबत उड्डाणयोग्यतेचा दाखला, प्रवासाची नोंदवही आणि प्रवाशांची नावे, चढण्याचे व उतरण्याचे ठिकाण दर्शविणारी यादी बाळगणे शिकागो करारान्वये बंधनकारक आहे. अक्षरे ओळख पटवितात. हेतूची शहानिशा करण्याचे काम दक्ष यंत्रणेलाच करावे लागते.